दोनशे ग्रॅम माती आणि सकाळची मूठ

७ जुलै २०२४

काम असं आहे. रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, दोनशे ग्रॅम मातीचा गोळा उजव्या हातात घ्यायचा, पाच सेकंद जमेल तेवढा आवळायचा आणि सोडायचा. नंतर त्याला बोट लावायचं नाही, कडा सारख्या करायच्या नाहीत. वाळवायचा, भाजायचा, तारखेच्या क्रमानं मांडायचा. शिल्प म्हणजे ती रांग.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे. नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. मायक्रोमीटर फिरवताना अंगठा साथ देईना, तेव्हा नोकरी सोडली. दर तपासणीला डॉक्टर विचारतात, ‘सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?’ मी म्हणतो, ‘तासभर.’ कधी तो तास अर्ध्या तासाचा असतो, कधी दुपारच्या जेवणापर्यंत लांबतो. आणि सांगतो कधी, तर दुपारी बारा वाजता, हात मोकळे झाल्यावर. सकाळचा हात दवाखान्यात कधी पोचतच नाही. तो पोचवायचा, एवढाच विचार आहे.

नोंदी ठेवतोय त्या अशासाठी, की कुणाला स्वतःच्या आजाराचं असं काही करायचं असेल तर माती कुठे दगा देते ते आधी कळावं. माझ्या कामाला संधिवात आहे, दुसऱ्याच्या कामाला कंप असेल किंवा लकवा असेल. माती सगळ्यांना सारखीच फसवते.

१८ जुलै

माती. सध्या नाशकात सगळ्यात सहज मिळते ती शाडू, गणपतीचे दिवस जवळ आलेत म्हणून. मऊ, स्वच्छ, हाताला छान. पण ती न भाजता वापरायची माती. मूर्ती पाण्यात विरघळावी हाच तिचा उपयोग. मला रांग टिकायला हवी, त्यामुळे शाडू बाद. आणलेलं पोतं शेजारच्या मुलांना गणपतीसाठी दिलं.

मग जुन्या नाशकात कुंभारवाड्यात गेलो. तिथले एक अण्णा तुडवलेली माती द्यायला तयार झाले. हे महत्त्वाचं आहे, कारण माती पायानं तुडवावी लागते आणि माझे पायाचे सांधेही हातांसारखेच आहेत. पंधरा किलोच्या गोळ्याचे त्यांनी दोनशे रुपये घेतले. रिक्षाला त्याहून जास्त गेले.

घरी आणून ओला फडका गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सहज विचारलं, ‘अण्णा, हिच्यात काय काय असतं?’

‘गाळाची माती, राख आणि घोड्याची लीद. लीद नसली तर मडकं तडकतं.’

इथे थांबलो. मी संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे औषध घेतो. त्यानं प्रतिकारशक्ती दबते, आणि नखांच्या कडेला चिरा असतातच. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. कुंभार पिढ्यान् पिढ्या त्या मातीत हात घालतात हे खरं, पण त्यांची गोष्ट वेगळी, माझी वेगळी. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारलं, परत दिलं, आणि म्हणाले, ‘हातमोजे घाला.’ पण मोजे घातले की मूठ मोज्याची होते. शेवटी अण्णांना लीद न घातलेली माती वेगळी काढून द्यायला सांगितलं. त्यांनी दिली, पण बजावून दिली: ‘ही फुटली तर मला बोल लावायचा नाही.’

प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्या कुणीही कुंभाराची माती उघड्या हातानं घेण्याआधी हे विचारून घ्यावं. सुकी माती चाळताना मास्क लावावा. धूळ उडवू नये, फरशी ओल्या फडक्यानं पुसावी.

२९ जुलै

आतापर्यंतचे गोळे टाकून दिले. मूठ ठीक होती, माती रोज वेगळी होती.

पाऊस असला की माती मऊ राहते, दोन दिवस उघडीप मिळाली की कडक होते. मऊ मातीत माझी बोटं कुणा पैलवानाची दिसतात. बुधवारी सांधे सुजले होते आणि गोळा सगळ्यात जास्त दबलेला. म्हणजे नोंद हवामानाची होत होती.

टूलरूममध्ये धातूचा कडकपणा बघायचा तर ब्रिनेल टेस्ट असते. १० मिमीची कठीण गोळी ठरावीक भारानं, पोलादाला ३००० किलो, दाबायची आणि खळ्याचा व्यास मोजायचा. मातीला तेच केलं, गरिबीत. पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा तुकडा उभा धरायचा, वरून २५ मिमीची बेअरिंगची गोळी सोडायची, खाली मातीची थापी. खळ्याचा व्यास व्हर्निअरनं मोजायचा. १७ ते १८ मिमी आला तर माती चालेल. जास्त आला तर पाटावर पसरून थोडी सुकवायची, कमी आला तर पाणी मारून रात्रभर झाकून ठेवायची. पाइप घरात पडून होता, गोळी भंगारवाल्याकडून वीस रुपयांना.

सकाळी हे करत बसलो तर चहाआधीची मूठ राहतेच कुठे? म्हणून माती रात्री तपासायची, गोळे वजन करून वळायचे आणि थर्मोकोलच्या डब्यात ओल्या फडक्याखाली ठेवायचे. वळायचं काम भाचा करतो. त्याचा हात गोळ्याला लागतो ते चालतं, कारण तो गोळाच करतो, मूठ नाही.

१२ ऑगस्ट

पद्धत ठरली, आता ती बदलायची नाही. एक गोळा उठल्यावर. दुसरा, त्याच मातीचा, तासाभरानं, हात कोमट पाण्यात शेकून झाल्यावर. गोळा मुठीच्या पोकळीत उभा धरायचा. फोनवर पाच सेकंद. सोडल्यावर मधल्या बोटाच्या खाचेपाशी गोळ्याच्या कमरेचं, म्हणजे दबलेल्या भागाच्या जाडीचं माप आउटसाइड कॅलिपरनं, कॅलिपर मातीला टेकणार नाही इतपतच. न दाबलेल्या गोळ्याचा व्यास ५८ मिमी. माझी बरी सकाळ ३८, वाईट ५० च्या आसपास. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा सहज आवळला तर २९. त्यांनी तो गोळा माझ्याकडे असा दिला, जणू वहीत चुकून जास्त गुण पडलेत.

आणखी एक माप सोबत ठेवलंय. संधिवाताच्या तपासणीत मुठीची ताकद मोजायची एक जुनी, साधी रीत आहे. बीपीच्या यंत्राचा पट्टा गुंडाळी करून २० पर्यंत फुगवायचा आणि रुग्णाला आवळायला सांगायचं, काटा कुठवर चढतो ते वाचायचं. घरात काट्याचं बीपी यंत्र होतंच. आठवडाभर दोन्ही मापं शेजारी लिहिली. काटा जास्त त्या दिवशी कंबर बारीक, असं बहुतेक वेळा जुळलं. जुळलं नाही त्या दिवशी मातीचा खळा १९ मिमी होता आणि मी आळसानं तशीच वापरली होती.

आजचा गोळा हातात घेऊन नीट पाहिला. बोटांच्या चार खाचा आडव्या नाहीत, करंगळीकडे कललेल्या आहेत. माझी बोटंच मुळाशी त्या बाजूला वाकायला लागलीत. तर्जनीची खाच उथळ, करंगळीची खोल. टोकाला नखांच्या चंद्रकोरी स्पष्ट आहेत, कारण ह्या आजारात बोटांचा शेवटचा सांधा बहुधा वाचतो. बोटांची मुळं आणि मधले सांधे जातात. पण मूळ वळत नाही म्हणून त्या चंद्रकोरी तळव्याच्या बाजूला पोचतच नाहीत, अर्ध्या वाटेवर थांबतात. एक्स-रेमध्ये हे दिसतं, पण एक्स-रे हातात धरून त्यात बोट घालून बघता येत नाही.

२ सप्टेंबर

वाळत नाही. गोळे घट्ट, आतून भरीव, आणि बाहेर अख्खा महिना ढगाळ. गोदावरीला पाणी आलं की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं ते बघायला जातात. मी घरात गोळ्यांचं वजन बघतोय. मागच्या बाजूला बुरशी आली. पांढरी, मग हिरवी. कपड्याच्या कोरड्या ब्रशनं झाडली तर नखांच्या खुणा पुसट होतात, म्हणून तशीच ठेवली. भट्टीत जळून जाईल.

दोनशे ग्रॅमचा गोळा १६१ वर येऊन थांबला. चार दिवस १६१. वजन स्थिर म्हणजे सुकला, असं धरून चाललो.

२४ सप्टेंबर

फुटले. निम्म्याहून जास्त.

अण्णांचा घटस्थापनेचा आवा, म्हणजे मडकी भाजायची उघडी भट्टी, लागणार होता: घट, परळ, झाकण्या. त्यात एका बाजूला माझे गोळे रचले. गोवऱ्या, लाकूड, वर खापऱ्या आणि राखेचा थर. अण्णा म्हणालेच होते, ‘जाड माल फुटतो, आणि फुटताना शेजारच्यालाही घेऊन जातो.’ संध्याकाळी पेटवला. जोर धरल्यावर आतून ठप्प, ठप्प असे आवाज यायला लागले. अण्णांच्या घरच्या काकू ओट्यावर घट रंगवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच मोजलं: ‘तुमचे ते.’

सकाळी आवा उघडला. माझ्या गोळ्यांच्या कपच्या, आणि शेजारचे त्यांचे डझनभर घट तडकलेले. ऐन सणाच्या तोंडावर. पंधराशे रुपये दिले. अण्णा घेत नव्हते, काकूंनी घेतले. ते बरोबरच केलं.

कारण साधं आहे. भरीव मातीच्या पोटात पाणी राहिलं की १०० अंशांना त्याची वाफ होते, बाहेर यायला वाट मिळाली नाही तर ती वाट स्वतः करते. मला वाटत होतं पाणी गेलंय. घरी उरलेला एक गोळा ओटीजीत ९० अंशांवर सहा तास, दार किंचित उघडं ठेवून तापवला. १६१ चा १५५ झाला. म्हणजे सहा ग्रॅम पाणी लपून बसलं होतं. वजन स्थिर होतं ते हवेतल्या ओलाव्याशी बरोबरी झाली म्हणून. पावसाळ्यात काट्यावर विश्वास ठेवू नये.

६ ऑक्टोबर

तीन बदल केले.

पहिला: मातीत विटांचा चुरा. पडक्या वाड्याच्या जुन्या विटा कुटून रव्याच्या चाळणीनं चाळल्या, चार भाग मातीला एक भाग. चुरा आधीच भाजलेला असतो, त्यामुळे आकसत नाही आणि वाफेला फटी मिळतात. लीद जे काम करते ते बऱ्यापैकी ह्यानं होतं. विटा भाच्यानं कुटल्या. मी हातोडी धरायची नाही असं घरात ठरलंय.

दुसरा: आरपार छिद्र. गोळा अर्धवट वाळला, नख रुतेल पण आकार हलणार नाही असा झाला, की वरून खाली, मुठीच्या पोकळीच्या रेषेत, ८ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या नळीनं भोक पाडायचं. बोटांच्या खुणा ह्या रेषेवर येत नाहीत, त्यामुळे नोंदीला धक्का लागत नाही. भोकामुळे पोटातलं पाणी बाहेर पडतं. शिवाय मांडणीचा प्रश्नही सुटला: माती वाळून-भाजून साधारण आठ टक्के आकसते, म्हणजे भोक सव्वासात मिमीच्या वर राहतं, आणि ६ मिमीच्या सळईवर गोळा सैल बसतो. आधी मी सिमेंटच्या पायावर चिकटवायचा विचार करत होतो. भोक पाडल्यावर ते सगळं मिटलं. नळीवर एसीच्या पाइपचा काळा फोम चढवलाय, पकड जाड होते आणि अंगठ्याला जोर लागत नाही. सुरी, कॅलिपर, ब्रश, सगळ्यांना तोच फोम. मीटरला तीस रुपये. सांधे दुखणाऱ्या प्रत्येकानं घरात ठेवावा, शिल्प करा की नका करू.

तिसरा: भट्टीआधी ओटीजी, वजन १५६ च्या खाली गेल्याशिवाय आव्यात नाही. विजेचं बिल वाढलं. घरात मातीचा वास. ओटीजीत केक करणं बंद.

चुऱ्यामुळे माती बदलली, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच्या मुठींची आताच्याशी तुलना होत नाही. गोळीच्या परीक्षेवर दोन्ही एकसारख्या आणल्या तरी चुऱ्याची माती हाताला जास्त अडते. जुने वाचलेले गोळे वेगळ्या फळीवर जातील. खरी रांग ऑक्टोबरपासून सुरू.

१९ ऑक्टोबर

दिवाळीच्या पणत्या आणि लक्ष्मीपूजनाच्या बोळक्यांबरोबर भाजले. अण्णांनी ह्या वेळी माझे गोळे एका कोपऱ्यात, मध्ये जुन्या खापरांची भिंत करून ठेवले. एकही आवाज नाही. आवा रात्रभर धुमसत ठेवला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडू दिला नाही. मी घाई करत होतो. गरम मालाला गार वारा लागला की तडा जातो हे त्यांनीच थांबवून सांगितलं.

रंग एकसारखा नाही. काही लाल, काही एका अंगाला काळे, धूर जिथे अडकला तिथे. टूलरूमच्या सवयीनं जीव खालीवर झाला, पण उघड्या आव्यात तापमान जागोजागी वेगळं असणारच. एकसारखा रंग हवा असेल तर विजेची भट्टी. माझ्या बजेटमध्ये नाही.

काकूंनी भाजलेला एक गोळा उचलला आणि आपली बोटं खाचांत बसवली. बसेनात. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आहे, चाकावर आयुष्य गेलंय. मग कच्ची माती घेऊन त्यांनी स्वतः एक मूठ आवळली. माझ्या नोंदीत ती बसत नाही, वजन केलेलं नव्हतं, मातीत लीद होती. तरी मी मागून आणली.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या आधीच घशाला संसर्ग, ताप. डॉक्टरांनी तो उतरेपर्यंत मेथोट्रेक्झेट थांबवायला सांगितलं. तापात मुठी झाल्या नाहीत. ताप गेला आणि सांध्यांनी उचल खाल्ली. दोन्ही मनगटं लाल, मुठीत पाण्याचा पेला राहीना, शर्टाची बटणं दुसऱ्यानं लावायची.

त्या सकाळी गोळे आवळले. म्हणजे हातात धरले आणि पाच सेकंद मोजले. कंबर ५५, ५६. दिसायला गोल गरगरीत, फक्त एका बाजूला चार पुसट सावल्या. ओळीनं तसेच होत गेले. शेजारच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या, फळीवर बघून म्हणाल्या, ‘भाऊजी, लाडू का मांडून ठेवलेत?’

इथे कामाचाच प्रश्न उभा राहिला. बघणाऱ्याला दबलेल्या, वेड्यावाकड्या गोळ्यात काहीतरी दिसतं. ‘व्वा, किती वेदना’ म्हणतात. गोल गोळ्यात काहीच दिसत नाही. आणि माझे सगळ्यात वाईट दिवस गोल आहेत. कला शाखेत शिकलेल्या एका मित्रानं सुचवलं, हे काढून टाक किंवा त्यांच्यावर नखानं ओरखडे ओढ, म्हणजे कळेल. ओरखडे ओढण्याइतकी बोटं चालत असती तर गोळा गोल राहिलाच नसता. ते सगळे ठेवतोय, जसे आहेत तसे, क्रमानं. तापाच्या दिवसांच्या सळया रिकाम्या राहतील.

२६ नोव्हेंबर

सल्ल्यांची नोंद, कारण असं काम सुरू केलं की ते येतातच.

फायबरमध्ये कास्ट कर, हलकं होईल, फुटणार नाही. गणपती मंडळांना फायबरचं काम करून देणारे इथे आहेत, दरही परवडला असता. पण पॉलिएस्टर रेझिनची वाफ फुप्फुसांना वाईट, आणि मेथोट्रेक्झेटचा परिणाम क्वचित फुप्फुसांवरही होतो. निकी द सां फाल ही मोठी शिल्पकार, तिलाही हाच संधिवात होता आणि पॉलिएस्टरच्या कामानं फुप्फुसं खराब झाली होती. तिचं काम तिच्या जागी थोर. मी माती सोडत नाही.

तांब्याची तार गुंडाळ, तांबं वाताला चांगलं. भांडी बाजार शेजारीच असल्यामुळे नाशकात हा सल्ला जरा जास्तच मिळतो. तांब्याचं कडं मी दोन वर्षं घातलं होतं, मनगट हिरवं झालं. २०१३ साली यॉर्कच्या संशोधकांनी ह्याच आजाराच्या ७० रुग्णांवर तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे तपासले. दुखणं, सूज, आजाराचा जोर ह्यांत काही फरक पडला नाही. तार नाही.

आवळायचं काम भाच्याकडून करून घे, तू नुसतं सांग. हा सल्ला देणाऱ्यानं फ्रेंच चित्रकार रन्वारचं उदाहरण दिलं. रन्वारचे हात संधिवातानं वाकडे झाले होते, तेव्हा १९१३ पासून काही वर्षं त्यानं रिशार गिनो ह्या तरुण शिल्पकाराच्या हातून शिल्पं करून घेतली. खरी गोष्ट आहे. पुढे फ्रान्समध्ये कोर्टकज्जे होऊन गिनोला त्या शिल्पांचा सहकर्ता मानलं गेलं, तेही खरं. ज्याला स्त्रीचा पुतळा हवा आहे त्याला दुसऱ्याचे हात चालतात. मला हवी आहे माझी मूठ. बाकी सगळं, मळणं, कुटणं, वळणं, उचलणं, मी बिनदिक्कत दुसऱ्याच्या हातांवर सोपवलंय आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

१८ डिसेंबर

थंडी. पहाटे पारा दहाच्या खाली. माती इतकी गार की हातात घेतल्यावर बोटं आपोआप मागे येतात. हे दुखणं आजाराचं की थंडीचं? मापात दोन्ही मिसळायला लागलं. थर्मोकोलच्या डब्यात रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून पाहिली: सकाळी माती कोमट, पण पिशवीजवळचे गोळे मऊ आणि वरचे कोरडे. मग डबाच स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत हलवला. एवढंच हवं होतं. घरच्यांचं म्हणणं, आता उशाशी चिखल घेऊन झोपा.

मेथोट्रेक्झेट पुन्हा सुरू होऊन काही आठवडे झाले. हे औषध दुसऱ्या दिवशी काम करत नाही, आठवडे लागतात. कंबर ५० वरून ४५, मग ४१. रांगेत ते दिसतं, आणि सलग नाही दिसत. मधेच एखादा गोळा परत गोल.

९ जानेवारी २०२५

संक्रांतीच्या सुगडांबरोबर शेवटचा आवा. एक गोळा तडकला, बाकी सुखरूप.

स्टँड अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून. ५० बाय ६ ची पट्टी, चार फुटी तुकडे, त्यावर ६ मिमीच्या ब्राइट बारच्या सळया ९० मिमी अंतरानं. पहिल्यांदा सळया वेल्ड केल्या तर उष्णतेनं पट्टीच वाकली आणि सळया दाढा पडल्यासारख्या तिरक्या. मग पट्टीला भोकं पाडून आटे केले, सळयांना टोकाला आटे, खालून नट. हे आधीच सुचायला हवं होतं, आयुष्य त्यातच गेलंय. वेल्डिंगचे पैसे गेले ते गेलेच, एकूण खर्च ६,८००. सकाळचा आणि तासानंतरचा गोळा एकाच सळईवर एकावर एक, मध्ये रबराची ओ-रिंग, म्हणजे माती मातीवर घासत नाही आणि गोळा फिरवता येतो.

रंग, वॉर्निश काही नाही. वॉर्निश लावलेला एक नमुना केला होता, नखांच्या चंद्रकोरी भरून निघाल्या.

२ फेब्रुवारी

ओळखीच्यांच्या हॉलमध्ये दोन दिवस मांडून पाहिलं. ‘हात लावू नका’ऐवजी ‘बोटं खाचांत घालून बघा’ अशी पाटी लावली. लोक पाटी वाचूनही हात मागे बांधून उभे राहतात, शाळेची सवय. एका मुलीनं सुरुवात केल्यावर मग सगळे.

बहुतेकांना बोटं बसवण्यासाठी मनगट करंगळीकडे तिरकं करावं लागत होतं. ते करताना चेहऱ्यावर जे येत होतं त्यासाठी मला भिंतीवर मजकूर लावावा लागला नाही. लिहून आणलेला परत नेला. एक आजी मात्र सरळ चालत गेल्या आणि नोव्हेंबरच्या गोल गोळ्यांपाशी थांबल्या. एक गोळा तळव्यावर घेतला, बोटं मिटण्याचा प्रयत्न केला, मिटली नाहीत. ‘हे खरं आहे,’ म्हणाल्या, आणि पर्समधून आपल्या औषधांचा डबा काढून मेथोट्रेक्झेट किती मिलिग्रॅम घेता ते विचारायला लागल्या. मी सांगितलं नाही, डोस ज्याचा त्याचा असतो. त्यासोबत घ्यायच्या फोलिक ॲसिडवर मात्र बराच वेळ बोललो.

माझ्या डॉक्टरांना फोटो दाखवले. त्यांनी फोटो बाजूला ठेवून कमरेच्या मापांची वही मागितली आणि नोव्हेंबरचं पान दोनदा वाचलं. पुढच्या तपासणीला वही आणायला सांगितलीय.

१५ फेब्रुवारी

हलवण्याचं काम. रांग पुण्याला न्यायची आहे, आणि भाजलेली माती आदळली की खाचांच्या कडांचे टवके उडतात. बबल रॅपमध्ये गुंडाळले तर सळईचं भोक कुठे ते कळत नाही आणि क्रम चुकतो. हंगाम द्राक्षांचा आहे. पिंपळगावकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून पाच किलोच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेट्या आणि कागदाची कात्रणं आणली, पेटीला पंधरा रुपये. पेटीत पुठ्ठ्याचे कप्पे करून प्रत्येक कप्प्यात एका तारखेची जोडी, तळाला तारीख पेन्सिलनं. स्केचपेन नको, माती शाई पिते आणि वरपर्यंत डाग चढतो.

भरलेली पेटी मला उचलता येत नाही, म्हणून पेटीत सहा जोड्यांपेक्षा जास्त भरायच्या नाहीत असं ठरवलं. तशीही उचलता येत नाही हे भरून झाल्यावर कळलं. भाच्याला बोलावलंय. तो आला की त्याच्याकडून डाव्या हाताच्या मुठींसाठीचे गोळेही वळून घ्यायचे आहेत, माती तपासून तयार आहे, खळा साडेसतरा.